कॅमेऱ्यामागची खुर्ची

१

सकाळी माझ्या नवऱ्याची, हेमचंद्रांची, जबल अलीला जाणारी कंपनीची बस गेली आणि आभा शाळेच्या बसमध्ये चढली, की आखातात, करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोनच आवाज उरायचे. एक भिंतीतल्या एसीची घरघर आणि दुसरा माझा. मी स्वतःशी बोलायला लागले होते, आणि तेही चांगलं मोठ्याने.

आधी असं नव्हतं. समोरच्या दारात साजिदा होती, रत्नागिरीची. आमचं दिवसभर दारं उघडी टाकून चालायचं. तिच्या घरचं सांदण माझ्याकडे, माझ्या घरची पुरणपोळी तिच्याकडे. मग मंदी आली आणि बिल्डिंग गळायला लागली. लिफ्टमध्ये माणसांपेक्षा सुटकेसा जास्त दिसायच्या. साजिदाच्या नवऱ्याची, तय्यबभाईंची कंपनी बंद पडली आणि ती दोघं मिळेल त्या भावात सामान विकून गावी निघून गेली. जाताना तिची पांढरी प्लास्टिकची खुर्ची तेवढी मला दिली. "हिच्यावर बसून मी तुझी बडबड ऐकली गं. ही मी कुणाला विकायची नाय," म्हणाली. मी ढसाढसा रडले होते.

हेमचंद्रांची नोकरी टिकून होती. म्हणजे सकाळी असायची, संध्याकाळचं कुणी सांगत नव्हतं.

राहता राहिली आभा. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, दातांच्या फटीतून शिट्टी वाजवत. "मम्मी, इट्स सो बोअरिंग हिअर." मी तिच्यावर ओरडायचे, तिची नक्कल करायचे, पण त्या देशात ती एवढीच माझी होती. ती शाळेतून यायच्या वेळेला मी आधीच खाली जाऊन उभी राहायचे.

"स्वतःशी बोलण्यापेक्षा कॅमेऱ्याशी बोल," एके दिवशी हेमचंद्र म्हणाले. आभाच्या पहिल्या वाढदिवसाला घेतलेला हँडीकॅम त्यांनी कपाटातून काढला. "यूट्यूबवर टाक. लोक हल्ली काय वाट्टेल ते टाकतात. तू निदान पोहे तरी दाखवशील."

२

मी लग्नाआधी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. कुठलीही गोष्ट करायची तर आधी नीट वाचायची, ही तिथली सवय. इंटरनेटवर नवशिक्यांसाठी लिहिलेलं कुणा अमेरिकन बाईचं पान सापडलं. उजेड समोरून येऊ द्या, पंखा बंद ठेवा वगैरे होतंच. पण तिचं मुख्य म्हणणं वेगळं होतं. कॅमेऱ्याशी बोलू नका, माणसाशी बोला. ओळखीचं एकच माणूस निवडा. ते कॅमेऱ्यामागे बसलंय असं समजा. हवं तर खरोखरची खुर्ची ठेवा. त्याला हाक मारा, प्रश्न विचारा, उत्तराची वाट पाहा.

आमच्याकडे ट्रायपॉड नव्हता. मी इस्त्रीचं टेबल उंच करून हॉलच्या कोपऱ्यात लावलं आणि त्यावर कॅमेरा ठेवला. त्याच्यामागे साजिदाची खुर्ची. खुर्चीमागे भिंत, भिंतीत एसी, बस्स. बाकी सगळं घर कॅमेऱ्यासमोर येत होतं: माझ्यापुढचं टेबल, माझ्या पाठीशी स्वयंपाकघर, बेडरूम आणि बाहेरचं दार. त्या कोपऱ्यातून कुठेही जायचं तर कॅमेऱ्यासमोरूनच जावं लागे.

आधी अर्थातच साजिदाला बसवलं. "साजिदा, आज आपण..." एवढं बोलले आणि पदराने डोळे पुसायला थांबले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पोहे भिजून लगदा झाले तरी माझं पहिलं वाक्य पुरं होईना. मग म्हटलं, ओळखीचं माणूस नकोच. कुणीतरी असू दे, जिच्यासाठी रडू येणार नाही अशी. नाव सुचेना म्हणून नुसतंच म्हटलं, "नमस्कार ताई. या, बसा."

आणि तोंडाचा पट्टा असा सुटला की कांदा करपला तरी मला पत्ता नाही.

३

महिन्याभरात मी चांगली सरावले. घडीच्या पोळ्या, भरली वांगी, तिथल्या खबुस रोटीचा फोडणीचा कुस्करा. पाहणारे मोजकेच होते, त्यातही निम्मे माझ्या माहेरचे, म्हणजे हेमचंद्रांच्या भाषेत सासरचे. पण सकाळी टेबल लावलं की मन कसं भरून यायचं. "ताई, तुमच्याकडे घालतात का हो यात गूळ?" असं विचारायचं, क्षणभर थांबायचं, पुढे जायचं. एकटेपणा कुठल्या कुठे पळाला.

एका दुपारी साजिदाचा फोन आला. गावी तिच्या भाच्याने तिला कॉम्प्युटरवर माझे व्हिडिओ दाखवले होते.

"छान करतेस गं," ती म्हणाली. "पण तुझ्यासमोर कोण असतं?"

"कुणी नाही. मी आणि कॅमेरा."

"खरं सांग, शोभना. वरच्या मजल्यावर कोण आली काय राहायला?"

"अगं, कुणी नाही! नाटक असतं ते. तसं करायचं असतं."

"तू मधेच थांबतेस आणि ऐकतेस. मी तुझ्यासमोर इतकी वर्षं बसले, तू ऐकताना कशी दिसतेस ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाय. तू बोलताना कधी ऐकत नाहीस, तोंड मिटून डोळे बारीक करतेस तेव्हाच ऐकतेस. तशी दिसतेस."

मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवला आणि भरल्या वांग्यांचा व्हिडिओ लावला.

गुळाचा प्रश्न मी विचारला होता, ते मला आठवत होतं. क्षणभर थांबले, तेही आठवत होतं. पडद्यावरची मी मात्र क्षणभर थांबली नव्हती. तिने चमचा कढईवर टेकवला, तोंड मिटलं, डोळे बारीक केले. ती ऐकत राहिली. एकदा मान हलवली. मग म्हणाली, "हो का? चिंचेऐवजी आमसूल? करून बघते."

आमसुलाचं मी बोलले होते हे मला मुळीच आठवत नव्हतं. पण गेल्या आठवड्यात मी आमसूल घालून वांगी केली होती. कुणी सुचवलं ते मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

४

लॅबमध्ये शिकवलेलं असतं, की रिपोर्ट विचित्र आला तर आधी आपलं काही चुकलं का ते बघावं. मी बघितलं. रंगात येऊन माणूस बोलून जातं आणि विसरतं. एकटी बाई, दिवसभर बंद घर, त्यात नवऱ्याच्या नोकरीची धास्ती. एवढं कारण पुरेसं होतं.

पण मग डोळ्यांकडे लक्ष गेलं. मी कॅमेऱ्यात बघतच नव्हते. माझी नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर होती, खुर्चीत बसलेल्या बाईचं तोंड जिथे येईल तिथे. सगळ्या व्हिडिओंत तिथेच, एका रेषेत.

म्हणून मी खुर्ची काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि कोशिंबिरीचा साधा, लहानसा व्हिडिओ केला. या वेळी ठरवून फक्त काचेकडे बघितलं. ताई म्हणायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. काकडी चोचवली, कूट घातलं, खलास. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

मग पाहिला. सुरुवातीला नजर काचेकडे होती. काकडी चोचवता चोचवता ती वर गेली, आधीपेक्षा बरीच वर. उभ्या माणसाशी बोलताना जाते तेवढी. माझा चेहरा ओशाळा झालेला होता, घरी आलेल्या बाईला बसायला द्यायला काही नसलं की होतो तसा. आणि मी म्हणत होते, "माफ करा हं ताई, आज खुर्ची..."

भर सकाळचं लख्ख ऊन हॉलमध्ये पसरलेलं होतं, खाली भाजीवाल्याचा टेम्पो मागे घेताना टीं टीं वाजत होता, आणि मला मान वळवून त्या कोपऱ्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

खुर्ची मी परत आणून ठेवली. का, ते सांगते. ती उभी आहे ही कल्पना मला सहन होईना. उभी बाई चार पावलं चालू शकते.

५

त्यानंतर व्हिडिओ बंद. हँडीकॅम कपाटात गेला. दिवस गेले, काही घडलं नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची भीती किती दिवस पुरणार? मला माझंच हसू यायला लागलं.

जानेवारीत संक्रांत आली. दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकवाला हॉल भरायचा. साजिदा कुंकू लावून घ्यायची नाही, पण तिळगूळ आणि वाण मात्र हक्काने मागून न्यायची. यंदा बिल्डिंगमध्ये बोलवायला कुणी नव्हतं. वाणाचे डबे तसेच पडून होते.

"कॅमेऱ्याला दे वाण," हेमचंद्र बस गाठायच्या घाईत म्हणाले. "परदेशातल्या पोरींना कुठे माहीत असतं ओटी कशी भरतात ते. तुझा हिट होईल बघ हा."

त्या दिवशी आभाला सुट्टी होती. मी तिला परकर-पोलकं घातलं. "मम्मी, इट्स इची," ती कुरकुरली आणि बेडरूममध्ये रंगीत खडू घेऊन बसली. घरात ती होती म्हणून मला धीर आला. मी काळी साडी नेसले, टेबलावर तबक मांडलं, कॅमेरा सुरू केला.

मला आठवतं ते असं. मी समजावून सांगत होते. आधी हळद, मग कुंकू. बोट पुढे करून हवेतच लावून दाखवलं. नारळ, तांदूळ, सुपारी पदरात कशी घालायची ते रिकाम्या खुर्चीकडे हात करून दाखवलं. मग गंमत म्हणून, बायका नेहमी म्हणतात तसंच, म्हणाले, "आणि ओटीत आमचं हे ध्यान पण घेऊन जा. कायमचीच न्या. दिवसभर नुसती इंग्रजी फाडत असते."

आपल्याकडे कोण म्हणत नाही असं? माझी आई माझ्याबद्दल दर हळदीकुंकवाला म्हणायची.

कॅमेरा बंद केला आणि तिथेच उभी राहून त्याच्या छोट्या पडद्यावर बघायला लागले.

माझं बोट पुढे गेलं तेव्हा त्याच्यावर कुंकू होतं. मागे आलं तेव्हा ते स्वच्छ होतं.

ओटी भरून झाल्यावर मी थांबले. तोंड मिटलं, डोळे बारीक केले. मग हसले आणि म्हणाले, "कुणाला? आभाला?" हे मी म्हटलेलं मला आठवत नव्हतं. पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, "न्या की! कायमचीच न्या."

म्हणजे मी गंमत केली नव्हती. मला विचारलं गेलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

पडद्यावर माझ्या मागे बेडरूमचं दार उघडलं. आभा परकर सावरत आली. माझ्या अगदी बाजूने गेली आणि मी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, माझी तबकातल्या वाणाची माहिती चालूच. ती कॅमेऱ्यापाशी थांबली. वर बघितलं, अनोळखी पाहुण्यांकडे बघते तसं जरा लाजून. मग एक हात उंच केला. मोठ्या माणसाचं बोट धरायला मूल करतं तेवढा उंच. आणि हात तसाच वर ठेवून ती कॅमेऱ्याच्या मागे गेली.

मागे खुर्ची होती आणि भिंत होती. मी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आभा परत समोरून गेली नाही.

६

मी धावत बेडरूममध्ये गेले. आभा पलंगावर मांडी घालून चित्र रंगवत होती.

जिवात जीव आला. मी तिला घट्ट छातीशी धरलं, तिच्या केसांचा वास घेतला. तोच नारळाच्या तेलाचा वास.

"आभा! किती घाबरवलंस गं मला!"

"काय झालं गं आई?" ती म्हणाली. "मी इथंच तर बसले आहे."

मी तिला दूर धरलं. तिच्या कपाळावर हळदीकुंकू होतं. आधी हळद, तिच्यावर कुंकू, माझ्या बोटाने उमटतं तसं थोडं लांबट. मी ते तिला लावलं नव्हतं.

संध्याकाळी हेमचंद्र घरी आले आणि चाटच पडले. "अरे वा! आई म्हणतेय! शोभना, तुझ्या व्हिडिओंनी चमत्कार केला की." आभाने त्यांना पाणी आणून दिलं. "दमलात का बाबा?" विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुद्दाम इंग्रजीत विचारलं, "आभा, व्हॉट डिड यू ड्रॉ टुडे?" ती माझ्याकडे शांतपणे बघत राहिली. म्हणाली, "आज एका बाईंचं चित्र काढलं. पण ते अजून पुरं नाही झालं."

दोन दात पडलेले होते ते तसेच होते. पण त्यांच्यातून शिट्टी वाजत नव्हती.

त्या दिवसापासून ती न कुरकुरता भेंडी खाते. उठताबसता परकर नीट सावरते. कॅमेरा दिसला की खोलीतून निघून जाते. मी तिच्यावर एकदाही ओरडले नाही. माणूस ओरडतं ते आपल्या मुलीवर.

हेमचंद्रांना सांगायला गेले तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. व्हिडिओ दाखवला. "आली, गेली, त्यात काय? कडेने गेली असेल." कडेला जागाच नाही, हे त्यांनी कधी तिथे उभं राहून बघितलं नव्हतं. मी हात टेकले.

७

ते कामावर आणि ती शाळेत गेल्यावर मी पुन्हा टेबल लावलं. पोळ्या नाहीत, पोहे नाहीत. खुर्चीकडे बघून हात जोडले.

"ताई, माझं चुकलं. मी गमतीने बोलले हो. तुम्हाला काय हवं ते न्या, माझी मुलगी द्या."

एसी घरघरत होता. दुसरं काही ऐकू आलं नाही. मी कॅमेरा बंद केला आणि व्हिडिओ लावला. पडद्यावरची मी बोलून थांबली, आणि मग माइकच्या अगदी जवळून, दातांच्या फटीतून शिट्टी वाजवत आवाज आला.

"मम्मी? आर यू रेकॉर्डिंग?"

मी तो पडदा कानाशी धरून जमिनीवर बसले. किती वेळा ऐकलं ते मला सांगता येणार नाही.

मग रोज सकाळी तेच. मी बोलायचे, थांबायचे, आणि नंतर व्हिडिओत तिचं उत्तर ऐकायचे. तिला भूक लागत नाही. तिथे बोअर होतं. "द आंटी इज नॉट हिअर एनीमोअर, मम्मी. शी वेंट टू स्टे विथ यू." मी बेडरूममध्ये, स्वयंपाकघरात रेकॉर्ड करून पाहिलं. तिथे नुसती शांतता होती. ती फक्त त्या खुर्चीपाशी होती.

आणि मार्चमध्ये हेमचंद्र दुपारीच घरी आले, हातात ऑफिसातल्या वस्तूंची पिशवी. "खलास, शोभना," एवढंच म्हणाले. व्हिसा रद्द, घर सोडायचं, पुण्याला परत. माणूस खचलं होतं. त्यांना जवळ घ्यायचं सोडून मी म्हटलं, "अहो, मी इथून येणार नाही." त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. घरातली ती दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "असं काय करतेस गं आई? आपल्या घरी जायचंय ना?"

शेवटी मी गेले. पण खुर्ची घेऊन गेले. विमानतळावर माणसं बघत होती, काउंटरवरची मुलगी हसू दाबत होती. "वेड लागलंय का तुला? प्लास्टिकची खुर्ची कुणी विमानातून नेतं?" हेमचंद्र शरमेने लाल झाले होते. मी तिला चादरीत गुंडाळलं होतं. सामानाच्या पट्ट्यावरून ती रबरी पडद्याआड जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

आता आम्ही कोथरूडला राहतो. हेमचंद्रांना नोकरी मिळाली. आभाचं शाळेत मराठीत पहिलं बक्षीस आलं, सगळे कौतुक करतात. माझे व्हिडिओ आता कुणी पाहत नाही, कारण मी ते कुठे टाकत नाही. त्या अमेरिकन बाईने सांगितलं होतं ते शेवटी जमलं मला. मी एकाच माणसाशी बोलते.

या घरात एसी नाही. तरी व्हिडिओत तो घरघरतो, आणि दिवसेंदिवस मोठा होत चाललाय. आज सकाळी तिचा आवाज त्याच्या पलीकडून, फार लांबून आला. कान लावून ऐकावं लागलं.

"मम्मी, आय कान्ट सी यू. कीप टॉकिंग."

स्वयंपाकघरातून हाक आली, "आई, पान वाढलंय गं, ये." मी उठले नाही. कॅमेरा पुन्हा सुरू केला आणि बोलायला लागले.